रस्ता सर्वांचा, मैला कोणाचा?

सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे प्रायः प्रवेशाचा प्रश्न म्हणून विचारला गेला. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली डॉ. आंबेडकरांनी तो विचारला आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय यावयास 1937 साल उजाडले. परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे: सर्वांनी वापरलेल्या जागेतील घाण कोणी उचलायची? ती बाजू कोकणात एका माणसाने जन्मभर लावून धरली.

सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म 1894 चा. उच्चविद्याविभूषित, जातीने ब्राह्मण. पुण्यात सन्मानाचे आयुष्य सहज लाभले असते. ते सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच.

कायदेभंगाच्या काळात ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला उपसण्याचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांकडेच असे. अप्पासाहेबांनी ते स्वतःसाठी मागितले. मागणी विचित्र होती. बंदीवान सवलती मागतात, हा मैल्याची टोपली मागत होता! नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी 3 डिसेंबर 1932 रोजी उपोषण आरंभिले आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी सोडले. पुढे सवर्ण कैद्यांना स्वेच्छेने हे काम करण्याची मुभा मिळाली.

या आग्रहाचे मर्म शहरांकडे पाहिले की कळते. मुंबईच्या जुन्या चाळींमागील घरगल्ल्या, अन्य गावांतील संडासांच्या मागच्या वाटा, या सफाई करणाऱ्याने कोठून यावे व कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे ठरवूनच आखल्या गेल्या होत्या. समोरचा रस्ता नागरिकांचा, मागची गल्ली त्याची. जातिभेद असा विटांत बांधलेला असला, तर केवळ उपदेशाने तो जात नाही, हे अप्पासाहेबांनी ओळखले.

म्हणून त्यांनी संडासाची रचनाच बदलावयास घेतली. कसालच्या तिठ्यावरून मालवणची वाट फुटते. तेथून महामार्गाने उत्तरेस गेल्यास कणकवली लागते. तेथे त्यांनी 1948 साली गोपुरी आश्रम उभारला. मैल्यावर माती व पालापाचोळा घालून त्याचे सोनखत करावे, म्हणजे तो हातांनी वाहून नेण्याची गरजच उरणार नाही, ही त्यांची योजना होती. मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविण्याचे कामही त्यांनी स्वतः केले. गावकऱ्यांना हे सारे रुचले असे नव्हे. कोकणातील सोवळेपणा एवढा लेचापेचा नव्हता. सुशिक्षितांनी त्यांना कोकणचे गांधी म्हटले. पदवी देणे टोपली उचलण्यापेक्षा निश्चितच सोपे होते.

10 मार्च 1971 रोजी अप्पासाहेब निवर्तले. मानवी हातांनी मैला उपसण्यास बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा त्यानंतर 22 वर्षांनी, 1993 साली झाला. तो अपुरा ठरल्याने 2013 साली दुसरा करावा लागला. एवढे होऊनही गटारे साफ करताना मरण पावणाऱ्यांच्या कुटुंबांना द्यावयाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2023 मध्ये द्यावा लागला.