फ्लाइंगसाठी फ्रेंच शिकलेली बेसी

जो कोर्स करायचाय, त्याला कुणी अ‍ॅडमिशनच दिली नाही तर तुम्ही काय कराल? बेसी कोलमननं काय केलं, बघा. १८९२ मध्ये टेक्सासात जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी लहानपणी शेतात कापूस वेचायची. पुढे शिकागोत पुरुषांच्या सलूनमध्ये मॅनिक्युअर करता करता तिला विमानाचं वेड लागलं. पण एक तर बाई, त्यात कृष्णवर्णीय! अमेरिकेतलं एकही फ्लाइंग स्कूल तिला घेईना. ‘शिकागो डिफेंडर’चे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी फ्रान्स सुचवलं. मग काय, पठ्ठीनं फ्रेंचचा क्लास लावला, पैसे जमवले आणि १९२० मध्ये बोट पकडली. १५ जून १९२१ ला तिला आंतरराष्ट्रीय पायलट लायसन्स मिळालं.

मायदेशी परतून ती हवाई कसरतींचे शो करू लागली. टेक्सासात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळं गेट ठेवलं, तेव्हा सगळे एकाच गेटनं येणार असतील तरच उडेन, असं तिनं आयोजकांना ठणकावलं. आपल्या लोकांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं मात्र राहूनच गेलं. १९२६ मध्ये विमान अपघातात ती गेली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय महिला अवकाशात झेपावली, तेव्हा तिच्या सामानात बेसीचा फोटो होता.