शाळेतला नादुरुस्त ऑर्गन आणि तोराकुसु यामाहा

यामाहा हे नाव कानी पडताच आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल उभी राहते. परंतु ज्यांचे हे आडनाव, त्या तोराकुसु यामाहा यांचे निधन या नावाची पहिली मोटारसायकल निघण्याच्या ३९ वर्षे आधीच झाले होते. त्यांच्या उद्योगाचा उगम एका प्राथमिक शाळेतील बिघडलेल्या वाद्यात आहे. म्हणून शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र अप्रस्तुत ठरू नये.

तोराकुसु यांचा जन्म १८५१ साली किई प्रांतात, आजच्या वाकायामा भागात, एका सामुराई कुटुंबात झाला. वडील संस्थानच्या पदरी खगोलशास्त्राचे काम पाहत. १८६८ मध्ये जपानची राज्यव्यवस्था पालटली आणि पुढील काही वर्षांत सामुराईंचे वंशपरंपरागत वेतन कायमचे बंद झाले. तलवार बाळगणाऱ्या या वर्गातील असंख्य तरुणांना उपजीविकेचे नवे साधन शोधावे लागले. तोराकुसुंनी नागासाकी येथे घड्याळदुरुस्ती शिकून घेतली, पुढे ओसाकात वैद्यकीय उपकरणांचे काम आत्मसात केले आणि त्याच कामाच्या निमित्ताने ते हामामात्सु या गावी येऊन राहिले. पस्तिशी ओलांडली तरी रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणारा एक कारागीर, एवढीच त्यांची ओळख होती.

१८८७ साली या गावच्या प्राथमिक शाळेतील अमेरिकी बनावटीचा ऑर्गन बंद पडला. पायाने भाता हलवून पितळी पट्ट्यांतून सूर काढणारे हे वाद्य. मराठी संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन वाजे, त्याच जातीचे. दुरुस्तीसाठी तोराकुसुंना बोलावण्यात आले. उघडून पाहता आतील स्प्रिंगा मोडलेल्या आढळल्या. काम किरकोळच होते. मात्र उघडलेल्या पेटीतील भाग न् भाग त्यांनी कागदावर उतरवून घेतला. देशात नव्या शाळा निघत होत्या. त्यांना अशी वाद्ये लागणार आणि दर वेळी ती समुद्रापलीकडून आणणे परवडणार नाही, हे त्यांनी ताडले. कावाई किसाबुरो या धातूचे नक्षीकाम करणाऱ्या कारागिराला सोबत घेऊन सुमारे दोन महिन्यांत त्यांनी स्वतःचा ऑर्गन सिद्ध केला.

आता त्याची पारख तोक्योच्या संगीतशाळेत व्हायची होती. तोक्योहून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग १८८९ पर्यंत पूर्ण झाला नव्हता. दोघांनी तो जड ऑर्गन कावडीसारखा दांड्याला बांधला, खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा घाट ओलांडून सुमारे २५० किलोमीटरची वाट पायी तुडवली. एवढे सोसून पदरी काय पडले? संगीतशाळेचे प्रमुख शुजी इसावा यांनी वाद्य तपासले आणि त्याचे सूर जुळलेले नाहीत, असा निर्वाळा दिला.

तोराकुसुंविषयी सांगताना बहुतेक जण घाटातील त्या कावडीवरच रमतात. मला मात्र त्यानंतरचा महिना अधिक मोलाचा वाटतो. इसावांनी त्यांना परत पाठवले नाही. वर्गात बसण्याची मुभा दिली. स्वतः इसावांनाही अमेरिकेत शिकत असताना पाश्चात्त्य स्वरांनी पुष्कळ छळले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्यांच्या हातात कसब होते, पण कानाला स्वरांचे शिक्षण नव्हते, असे हे प्रौढ गृहस्थ सुमारे महिनाभर स्वरांचे शास्त्र व सूर जुळवण्याची विद्या शिकत राहिले. गावी परतून त्यांनी दुसरा ऑर्गन केला. तो परदेशी ऑर्गनच्या तोडीचा ठरला.

पुढील वाटचाल झपाट्याची आहे. कारखाना निघाला; १८९७ मध्ये त्याचे रूपांतर ‘निप्पॉन गाक्की’ या कंपनीत झाले आणि तोराकुसु तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८९९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील पियानोचे कारखाने पाहिले व १९०० मध्ये उभा पियानो घडवला. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या वाद्यांचा गौरव झाला. त्यांच्या हाताखाली पोरवयात उमेदवारी केलेल्या कोइची कावाई यांनी १९२७ मध्ये स्वतंत्र संस्था काढली. आज जगभर विकले जाणारे ‘कावाई’ पियानो तिचेच. म्हणजे दोन विख्यात नावांचे मूळ एकाच कार्यशाळेत सापडते.

८ ऑगस्ट १९१६ रोजी तोराकुसुंचे निधन झाले. वाद्यांसाठी लाकूड घडवण्यात तरबेज झालेल्या या कंपनीकडे पुढे विमानांच्या पंख्यांचे काम आले. महायुद्ध संपल्यावर त्या कामाची यंत्रे पडून होती. ती वापरात आणावी, या विचारातून १९५५ मध्ये १२५ सीसीची पहिली मोटारसायकल निघाली. तोराकुसुंच्या हयातीतच, १८९८ मध्ये, कंपनीने सूर जुळवण्यासाठी वापरला जाणारा नादकाटा आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला होता. पुढे त्या जागी एकमेकांवर ठेवलेले तीन नादकाटे आले. मोटारसायकलच्या टाकीवरील वर्तुळात आजही दिसतात, ते हेच.