कालुग्याचा शाळामास्तर

श्रीहरिकोट्याहून अग्निबाण सुटतांना पाहणें हा आज कित्येक मुलांचा आवडता छंद झाला आहे. प्रथम धुराचा प्रचंड लोट, मग एकामागून एक गळून पडणारे टप्पे, आणि शेवटीं दिसेनासा होणारा प्रकाशबिंदु! परंतु असलें उड्डाण घडण्यापूर्वींच तें गणितानें शक्य ठरविणारा पुरुष एक बहिरा शाळामास्तर होता, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

कोन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म सन १८५७ मध्यें रशियांतील इझेव्स्कोये या खेड्यांत झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास एका कठीण ज्वरानें त्यांची श्रवणशक्ति बहुतेक हिरावून नेली. शाळा सुटली; तेराव्या वर्षीं आईहि निवर्तली. सोळाव्या वर्षीं ते मॉस्कोस गेले व तेथील ग्रंथालयांत बसून तीन वर्षें त्यांनीं स्वतःच स्वतःस शिकविलें. घरून येणारा पैसा पुस्तकें व प्रयोग यांतच संपे. पोटास बहुधा कोरडा काळा पाव.

शिक्षकाची परीक्षा उतरून ते प्रथम बोरोव्स्क येथें व सन १८९२ पासून कालुगा येथें गणित शिकवूं लागले. शाळेचें काम आटोपल्यावर त्यांची आकडेमोड चाले. सन १९०३ मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जेथें हवा नाहीं तेथें पंख व्यर्थ. अग्निबाण मात्र आपल्याच पोटांतील वायु मागें फेकून पुढें जातो. त्या वायूचा वेग व इंधनाचें प्रमाण यांवरून अग्निबाणाचा वेग काढण्याचें सूत्र त्यांनीं दिलें, आणि द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन हें इंधन सुचविलें. रिकामे झालेले अग्निबाण वाटेंत टाकीत जाण्याची योजना त्यांनीं सन १९२९ मध्यें मांडली.

पहिल्या निबंधाकडे त्या वेळीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. सन १९०८ मध्यें ओका नदीचा पूर घरांत शिरून पुष्कळ कागदपत्रांची नासाडी झाली. तरी लेखणी थांबली नाहीं.

१९ सप्टेंबर १९३५ रोजीं कालुगा येथें त्यांचें देहावसान झालें. पहिला कृत्रिम उपग्रह सुटण्यास तेव्हां बावीस वर्षें अवकाश होता. १४ जुलै २०२३ रोजीं चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या भारतीय अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यांत द्रव हायड्रोजन व ऑक्सिजनच जळले. विद्यार्थिमित्रहो, पुढील उड्डाण पाहतांना एखादा टप्पा गळून पडेल, तेव्हां या मास्तरांचें स्मरण करा. तें दृश्य त्यांच्या डोळ्यांस कधींच दिसलें नाहीं. त्यांनीं केवळ त्याचें गणित अचूक सोडवून ठेविलें होतें.