प्रतीक्षेचे भय : आल्फ्रेड हिचकॉक यांची जीवनकथा

शिक्षा ठरलेली आहे. ती कोण देणार हे ठाऊक आहे, कशाने देणार हेही ठाऊक आहे. केवळ ती अद्याप झालेली नाही. लंडनच्या स्टॅमफर्ड हिल भागातील सेंट इग्नेशियस कॉलेजमध्ये १९१० ते १९१३ या काळात शिकणाऱ्या एका स्थूल, अबोल मुलाच्या मनावर या अवस्थेचा खोल ठसा उमटला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या त्या शाळेत चुकणाऱ्या विद्यार्थ्याच्या तळहातावर कठीण रबराच्या पट्टीने फटके दिले जात. त्या काळच्या शाळांत शारीरिक शिक्षा ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होते ते तिच्या पद्धतीचे. फटका तत्काळ बसत नसे. विद्यार्थ्याचे नाव व शिक्षा वहीत नोंदवली जाई आणि वर्ग सुटल्यावर त्याने फादरांसमोर हजर व्हावे, असा दंडक असे. मधला सारा दिवस त्याने धडधडत्या काळजाने काढावयाचा! पुढे जगभरातील प्रेक्षकांना त्याच धडधडीचा अनुभव देणारे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक ते हेच. पट्टीपेक्षा प्रतीक्षाच अधिक भयंकर असते, हा धडा त्यांनी त्या शाळेतून नेला आणि आयुष्यभर तोच गिरवला, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे झाला. वडील विल्यम हे भाजीपाल्याचे व्यापारी, आई एमा. तीन भावंडांत आल्फ्रेड धाकटा. इंग्लंडसारख्या प्रॉटेस्टंट देशात हे कुटुंब कॅथलिक होते; आपण चारचौघांहून वेगळे आहोत ही जाणीव त्यामुळे घरातच रुजली. बालपणीचा एक प्रसंग हिचकॉक जन्मभर सांगत आले. ते पाचेक वर्षांचे असताना वडिलांनी हाती चिठ्ठी देऊन त्यांना पोलीस चौकीत धाडले. चिठ्ठी वाचून पोलिसाने मुलाला काही मिनिटे कोठडीत कोंडले आणि खोडकर मुलांची हीच गत होते, असे बजावून सोडून दिले. या आठवणीवर कालांतराने किती रंग चढला याविषयी चरित्रकारांना शंका आहे, आणि ती रास्तही आहे. मात्र निरपराध मनुष्य कायद्याच्या कचाट्यात सापडतो, हे सूत्र त्यांच्या चित्रपटांत वारंवार येते, एवढे खरे.

१९१४ च्या अखेरीस वडील वारले. कुमारवयातील आल्फ्रेड विद्युततारा बनविणाऱ्या हेन्ली कंपनीत कारकुनी करू लागला आणि पुढे तिच्या जाहिरात विभागात गेला. चित्रकलेचा हात चांगला होता. एका अमेरिकन कंपनीने लंडनच्या इस्लिंग्टन भागात चित्रपटगृहांसाठी मूकपट निर्माण करणारा स्टुडिओ काढला, तेव्हा पडद्यावर झळकणाऱ्या शीर्षक-पाट्या रेखाटण्याचे काम त्यांनी मिळविले. मूकपटाने त्यांना एक अमूल्य शिकवण दिली: जे दाखविता येते ते बोलून सांगू नये.

याच क्षेत्रात त्यांची आल्मा रेव्हिल यांच्याशी भेट झाली. त्या हिचकॉक यांच्याहून एकाच दिवसाने लहान. परंतु संकलनाच्या कामात त्यांच्या आधीपासून मुरलेल्या. आल्मा यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि २ डिसेंबर १९२६ रोजी लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. १९२८ मध्ये कन्या पॅट्रिशिया जन्मली. हिचकॉक यांची कीर्ती गाणाऱ्या लेखांत आल्माबाईंना सहसा एखाद-दुसरी ओळ मिळते. हा अन्याय आहे. पटकथेतील कच्चा दुवा व चित्रफितीतील चूक त्यांच्या नजरेतून निसटत नसे, आणि पतीच्या दृष्टीने त्यांचा अभिप्राय अंतिम असे.

'द लॉजर' या १९२७ साली प्रदर्शित झालेल्या मूकपटाने हिचकॉक यांचे नाव झाले. तथापि त्यांच्या कलेचे मर्म समजून घ्यावयाचे तर १९३६ चा 'सॅबोटाज' पाहावा. त्यात एका लहान मुलाच्या हाती एक पुडके देऊन त्याला लंडनमध्ये पाठविले जाते. पुडक्यात बॉम्ब आहे आणि तो पावणेदोन वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, मुलाला नाही. रस्त्यात एक फेरीवाला त्याला धरून दंतमंजनाचे प्रात्यक्षिक दाखवितो. मग मिरवणूक आडवी येते. मग बस वाहनांच्या गर्दीत अडकते. घड्याळाचे काटे पुढे सरकत राहतात. अखेर बॉम्ब फुटतो आणि मुलगा मरतो. प्रेक्षक संतापले. हिचकॉक यांनीही पुढे ही आपली चूक मानली. इतका वेळ जीव टांगणीला लावल्यावर प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकू द्यावयास हवा, तो आपण टाकू दिला नाही, असे त्यांचे मत झाले.

धक्का आणि उत्कंठा यांत ते काटेकोर भेद करीत. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांनी त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तीत हा भेद त्यांनी एका साध्या उदाहरणाने उलगडला. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारीत आहेत व टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला त्याची कल्पना नसेल, तर स्फोटाने तो पंधरा सेकंद दचकेल. परंतु बॉम्ब ठेवताना त्याने पाहिले असेल, समोर घड्याळही दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा त्याला पंधरा मिनिटे अस्वस्थ ठेवतील. तेथून उठा, असे पात्रांना ओरडून सांगावेसे त्याला वाटेल. उत्कंठा माहिती लपवून निर्माण होत नाही, ती माहिती देऊन निर्माण होते. सामान्य समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

१९३९ मध्ये हिचकॉक सहकुटुंब अमेरिकेत गेले. तेथील पहिल्याच 'रेबेका' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले; दिग्दर्शनासाठी मात्र पाच वेळा नामांकन होऊनही त्यांच्या वाट्याला ते कधीच आले नाही. त्या पहिल्या तत्त्वाचे नवनवे आविष्कार ते करीत राहिले. 'नटोरियस' (१९४६) मध्ये मेजवानीच्या दालनात कॅमेरा उंचावरून हळूहळू खाली येतो आणि नायिकेच्या मुठीतील तळघराच्या किल्लीवर स्थिरावतो. वर शॅम्पेनच्या बाटल्या संपत चालल्या आहेत. त्या संपल्या की घरधनी तळघराकडे निघणार, हे आपण जाणतो, म्हणून एकेक बाटली उघडताना आपला श्वास अडकतो. 'द मॅन हू न्यू टू मच' या आपल्याच १९३४ च्या चित्रपटाची त्यांनी १९५६ साली पुनर्निर्मिती केली. त्यात लंडनच्या आल्बर्ट हॉलमधील संगीतसभेत झांजा आदळताच मारेकरी गोळी झाडणार असतो. संगीताचा तो तुकडा ध्वनिमुद्रिकेवरून प्रेक्षकाला आधीच ऐकवलेला असतो. नंतर सुमारे बारा मिनिटे एकही संवाद नाही. वादक झांजा उचलतो, तेव्हा सभागृहातील श्रोते निश्चिंत असतात आणि चित्रपटगृहातील प्रेक्षक जीव मुठीत धरून बसलेला असतो.

आम्हा कॅथलिक वाचकांसाठी मात्र त्यांचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे १९५३ साली प्रदर्शित झालेला 'आय कन्फेस'. कॅनडातील क्युबेक या कॅथलिक शहरात त्याचे चित्रीकरण झाले. चर्चमधील सेवक ओटो केलर हा चोरीच्या वेळी एका वकिलाचा खून करतो. त्याने धर्मगुरूंचा झगा घातलेला असतो. त्याच रात्री तो तरुण फादर मायकल लोगन यांच्याकडे पापनिवेदन करतो. झगा घातलेला मनुष्य पाहणाऱ्या दोन मुलींच्या साक्षीमुळे संशय खुद्द फादर लोगन यांच्यावर येतो. मृत वकील फादरांच्या पूर्वायुष्यातील एका स्त्रीला धमकावून पैसे उकळू पाहत होता, हेही उघडकीस येते. फादर एका वाक्याने मुक्त होऊ शकतात. ते वाक्य ते उच्चारू शकत नाहीत.

यातील ताण किती अनोखा आहे पाहा. येथे बॉम्ब नाही, घड्याळ नाही. केवळ एक मनुष्य गप्प आहे. माँटगोमेरी क्लिफ्ट यांनी ही भूमिका जवळजवळ डोळ्यांनीच केली आहे. एका दृश्यात क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचे शिल्प अग्रभागी दिसते आणि त्याच्याखाली, दूरवर, फादर लोगन एकटे चालत असतात. न्यायालयात पुराव्याअभावी ते सुटतात; मात्र लोकांच्या नजरेतून सुटत नाहीत. अखेर केलरची पत्नी सत्य सांगण्यास धावते आणि पतीच्याच गोळीला बळी पडते. तिचे नाव आल्मा असावे, हा योगायोग नसावा! पोलिसांच्या गोळीने कोसळलेल्या केलरला फादर लोगन पापक्षमा देतात.

चित्रपटाचे स्वागत थंडे झाले. हिचकॉक यांनी त्याचे कारण ओळखले होते. पापनिवेदनाची गुप्तता म्हणजे काय, हे कॅथलिक प्रेक्षकाला उपजत ठाऊक असते. इतरांना मात्र स्वतःचा जीव धोक्यात असताना कोणी गप्प राहील, हे पटतच नव्हते. टेबलाखालचा बॉम्ब त्यांना दिसलाच नाही, असेच म्हणावयाचे. १२१५ साली चौथ्या लॅटरन महासभेने ही गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आजन्म मठात ठेवण्याचा निर्णय दिला होता. आजही ख्रिस्तसभेचा कायदा त्याबाबत तितकाच कठोर आहे. ज्या श्रद्धावंतांनी बालपणापासून पापनिवेदनाच्या जाळीसमोर गुडघे टेकले, त्यांना हा चित्रपट पाहताना काय वाटते, ते कोणत्याही समीक्षकापेक्षा त्यांनाच अधिक कळते. समीक्षकांनी याला दुय्यम ठरविले असले, तरी आम्ही तसे म्हणणार नाही.

१९६० च्या 'सायको'ने त्यांना अमाप लोकप्रियता दिली. स्नानगृहातील जेमतेम पाऊण मिनिटाच्या खुनाच्या प्रसंगासाठी सात दिवस चित्रीकरण चालले. हा प्रसंग संगीताविना ठेवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी रचलेले तंतुवाद्यांचे कर्कश चीत्कार ऐकून त्यांनी तो बदलला. आमच्या मते याहून सूक्ष्म प्रसंग त्यानंतर येतो. मृतदेह ठेवलेली मोटार दलदलीत बुडत असताना मध्येच क्षणभर थांबते. ती बुडावी, असे प्रेक्षकाला वाटते, आणि आपल्याला असे का वाटले, या विचाराने तो स्वतःच चपापतो. येथे भय पडद्यावर नाही, ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीत आहे.

'द बर्ड्स' (१९६३) मध्ये नायिका शाळेबाहेर बाकावर बसली आहे. आतून मुलांचे गाणे ऐकू येते. तिच्या पाठीमागे मैदानातील खेळण्याच्या सांगाड्यावर एक कावळा येतो, मग आणखी काही. तिला दिसत नाही, आपल्याला दिसते. ती वळून पाहते तेव्हा सारा सांगाडा काळा झालेला असतो. याच चित्रपटाच्या निमित्ताने एक अप्रिय गोष्टही नोंदविली पाहिजे. माळ्यावरील हल्ल्याच्या दृश्यासाठी नायिका टिपी हेड्रेन यांच्यावर अनेक दिवस जिवंत पक्षी सोडण्यात आले. हिचकॉक यांनी आपला लैंगिक छळ केला, असे त्यांनी २०१६ मधील आत्मचरित्रात लिहिले आहे. कलेची थोरवी हे अशा आरोपाचे उत्तर होऊ शकत नाही, आणि ते येथे आम्ही देऊ इच्छित नाही.

उतारवयात संधिवात व हृदयविकार यांनी त्यांना जखडले. १९७६ चा 'फॅमिली प्लॉट' हा शेवटचा चित्रपट. १९८० च्या प्रारंभी ब्रिटिश राजघराण्याने त्यांना सर ही पदवी दिली. ते चर्चपासून दूर गेले होते, अंतकाळी त्यांनी धर्मगुरूंना टाळले, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तथापि त्या अखेरच्या महिन्यांत येशूसंघाचे फादर थॉमस सुलिव्हन त्यांच्या घरी जात असत, आणि त्यांच्यासोबत जाणारे तरुण धर्मगुरू मार्क हेनिंगर यांनी २०१२ साली वेगळीच हकिकत प्रसिद्ध केली. हिचकॉक यांच्या लॉस एंजेलिसमधील निवासस्थानी ते मिस्सा अर्पण करीत. आल्माही उपस्थित असत. हिचकॉक अनेक वर्षांनी मिस्सेत सहभागी होत होते, आणि ती इंग्रजीत चालली असताना ते लहानपणी शिकलेल्या लॅटिनमध्ये प्रतिसाद देत. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर त्यांच्या गालांवरून मूकपणे अश्रू ओघळत.

२९ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. बेव्हर्ली हिल्स येथील गुड शेफर्ड चर्चमध्ये त्यांच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा झाली आणि त्यांची रक्षा पॅसिफिक महासागरात विसर्जित करण्यात आली. दोन वर्षांनी, जुलै १९८२ मध्ये, आल्माही गेल्या.