जखमेची राखण करणारे डॉक्टर : जोसेफ लिस्टर



बायपास करून घरी आलेल्या आजाऱ्याला भेटायला आपण जातो आणि ऑपरेशन यशस्वी झाले म्हणून देवाचे आभार मानतो. परंतु या ऑपरेशनसाठी छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने जोडलेले असते. ती जखम भरून येईपर्यंत धोका टळत नाही. जखमेची ही काळजी शल्यविशारदांना ज्यांनी शिकवली, त्या जोसेफ लिस्टर यांची आज आपण ओळख करून घेऊ.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये एका क्वेकर कुटुंबात झाला. १८६० साली ते ग्लासगो येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. त्या काळी ऑपरेशन नीट होई, पण पुढे जखम सडून रोगी दगावे. दोष दूषित हवेला दिला जाई. लुई पाश्चर यांचे संशोधन वाचून लिस्टर यांनी ओळखले की, हे काम सूक्ष्म जंतूंचे आहे.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेला अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. अशा जखमेत पाय बहुधा कापावाच लागे. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. पूर्वी अवयव कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीने ४० पैकी ६.

अनेकांनी त्यांची थट्टा केली; ते काम करीत राहिले. हवेत कार्बोलिक फवारण्याची आपलीच युक्ती निरुपयोगी आहे, हे त्यांनी १८९० साली बर्लिनच्या परिषदेत सर्वांसमक्ष मान्य केले. १८९६ मध्ये जर्मनीत लुडविग रेन यांनी हृदयाची जखम शिवून रोगी वाचवला, तेव्हा लिस्टर हयात होते. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज छातीला छेद देण्यापूर्वी अँटिबायोटिक देतात, केस वस्तऱ्याऐवजी क्लिपरने काढतात, रक्तातील साखर ताब्यात ठेवतात. बाकीची राखण घरच्यांकडे असते. आजाऱ्याजवळ जाण्यापूर्वी आपण साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असल्यास भेट पुढे ढकलावी. जखमेला हळद, तेल लावू नये. ताप, लाली, पू दिसल्यास किंवा छातीचे हाड हलल्यासारखे वाटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आजाऱ्याची भेट घेणे हे दयेचे कृत्य आहे. स्वच्छ हातांनी गेलो, तरच ते पूर्ण होते.