लाल बाटलीमागचा हकीम

पुणे-सातारा रस्त्यावर सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरा मागे राहते, भोर तालुका संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. नदीकाठच्या अशा गावात रमजानच्या संध्याकाळी एखाद्या घरी इफ्तारला शेजारीपाजारी जमतात, तेव्हा बैठकीत नाना तऱ्हेची माणसं असतात. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला रोजेदार, गळ्यात तुळशीची माळ घातलेले आजोबा, पाळी संपवून थेट कामावरून आलेला तरुण. सगळ्यांच्या हातात एकच ग्लास द्यायचा तर त्यात काय असावं? दारूचा विषयच नाही. रोजेदाराला ती हराम, माळकऱ्याला वर्ज्य. चहाने दिवसभराची तहान भागत नाही. मग फळीवरची लाल बाटली खाली येते.

ग्लासात दोन चमचे रूह अफजा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, भिजवलेला चमचाभर सब्जा आणि बर्फ. सोडा सगळ्यात शेवटी. तो थंडगार हवा आणि ग्लास तिरका धरून कडेकडेने सोडायला हवा. कोमट सोड्यात वायू टिकत नाही आणि जोराने ढवळलं तर उरलासुरलाही उडून जातो. चमचा तळापासून एकदा वर आणला की पुरे. वरून साखर घालू नये, पाकात ती भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी तर चमचे मोजूनच घ्यावेत. शेजारीच दूध घातलेल्या सरबताचा जग असेल तर त्यात चुकूनही लिंबू पडू देऊ नये, दूध फाटतं. आणि उपाशी पोटी एकदम सोडा नको. आधी खजूर, साधं पाणी, आणि थोड्या वेळाने हा ग्लास.

गंमत अशी की, यातला सोडा सापडला तो दारूच्या भट्टीत. इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली यांनी 1767 मध्ये बिअरच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला होता. यातला फुलांचा सुगंध मात्र दिल्लीच्या एका युनानी दवाखान्यातून आला.

त्या दवाखान्याचे संस्थापक हकीम अब्दुल मजीद. जन्म 1883 चा, उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतचा. संपूर्ण कुरआन मुखोद्गत असल्यामुळे नावामागे हाफिज ही उपाधी लागली. पुढे दिल्लीत आल्यावर हकीम अजमल खान यांच्या हिंदुस्तानी दवाखान्यात त्यांनी काम केलं. अजमल खान म्हणजे युनानी वैद्यकातलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव. 1921 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्षही झाले. अशा माणसाच्या सावलीत नोकरी सांभाळून राहणं सोपं होतं. अब्दुल मजीद यांनी मात्र वेगळी वाट धरली. 1906 मध्ये जुन्या दिल्लीतल्या हौज काझी भागात त्यांनी स्वतःचा छोटा दवाखाना उघडला. वय अवघं तेवीस. नाव ठेवलं हमदर्द, म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यात सहभागी होणारा.

दिल्लीच्या उन्हाळ्यात लू वाहते. भट्टीतून यावा तसा तो वारा माणसाला आडवा करतो. युनानी वैद्यकात थंड प्रकृतीच्या वनस्पतींचे कितीतरी काढे आणि अर्क होते, पण ते एकेकटे, आणि चवीला औषधच. ते सगळं एका बाटलीत आणायचं आणि आजारी नसलेल्यालाही प्यावंसं वाटेल असं करायचं, हा विचार 1907 मध्ये प्रत्यक्षात आला. हमदर्दमधले हकीम उस्ताद हसन खान यांचा त्या पाककृतीत मोठा वाटा होता. घोळ, कासनी, धने, मनुका, पुदिना, संत्रं, कलिंगड, वाळा. फुलांमध्ये गुलाब, केवडा, कुमुद. लिंबाच्या आणि संत्र्याच्या फुलांचं नावही या यादीत येतं. वाळा माठात टाकणाऱ्या मराठी घराला यातलं अर्धं सामान ओळखीचं वाटेल. दवाखान्यातल्या औषधाला मेजवानीच्या ताटाशेजारी जागा मिळाली, ती चवीमुळे. अब्दुल मजीद यांचं खरं कसब इथे दिसतं. रोग्याची नाडी ओळखणारे हकीम दिल्लीत पुष्कळ होते, पाहुण्याची जीभ ओळखणारे थोडे.

रूह अफजा म्हणजे आत्म्याला उभारी देणारं. हे नाव गुलबकावलीच्या कथेत येतं. मराठी वाचकांच्या आधीच्या पिढ्यांनी ही कथा आवडीने वाचलेली आहे. उर्दूत ती काव्यरूपात रचली लखनौच्या पंडित दयाशंकर कौल नसीम या काश्मिरी पंडिताने, एकोणिसाव्या शतकात. त्यांच्या गुलजार-ए-नसीममध्ये रूह अफजा नावाचं पात्र आहे.

ठरावीक मापाच्या बाटल्या तेव्हा मिळत नसत. म्हणून सुरुवातीला हे सरबत वाइनच्या बाटल्यांतून विकलं गेलं, असं सांगतात. लेबलाचीही अडचण होती. मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने 1910 मध्ये ते रंगवलं, पण इतक्या रंगांची छपाई दिल्लीत होईना. अखेर काम आलं मुंबईला, पारशांच्या बोल्टन प्रेसकडे. म्हणजे पंडिताच्या काव्यातलं नाव, मुस्लिम हकिमाचं सरबत आणि मुंबईच्या पारशी छापखान्यातला कागद. यातलं काहीही कुणी ऐक्याचा देखावा म्हणून केलेलं नव्हतं. ज्याला जे काम येत होतं, त्याच्याकडे ते गेलं, इतकंच.

हे सरबत घरोघरी पोहोचलेलं पाहायला अब्दुल मजीद फार काळ राहिले नाहीत. 22 जून 1922 रोजी ते गेले. वय चाळिशीच्याही आत. मागे पत्नी राबिया बेगम, तेरा वर्षांचा अब्दुल हमीद आणि दोन वर्षांचा मोहम्मद सईद.

हमदर्द तिथेच संपू शकलं असतं. बाजारात एखाद्या हकिमाचं नाव गेलं की त्याचा दवाखानाही जातो, हा नेहमीचा अनुभव. ते झालं नाही याचं श्रेय राबिया बेगम यांना द्यावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या दिल्लीत, तान्हं म्हणावं असं मूल पदरात असताना त्यांनी पतीचं काम मोडू दिलं नाही, आणि मोठ्या मुलाला त्याच कामात उभं केलं. रूह अफजाच्या गोष्टीत त्यांचं नाव दोन ओळींत उरकलं जातं. खरं तर बाटली आजवर पोहोचली ती त्यांच्या हातून.

पुढे देशाची फाळणी झाली तशी घराचीही. मोठे अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, धाकटे सईद 1948 च्या जानेवारीत कराचीला गेले आणि तिथे भाड्याच्या जागेत त्यांनी नव्याने हमदर्द सुरू केलं. त्याच वर्षी दिल्लीत अब्दुल हमीद यांनी हमदर्द वक्फ केलं, म्हणजे धंद्याचा नफा कुटुंबाऐवजी लोकोपयोगी कामाला बांधून टाकला. कराचीचं हमदर्दही 1953 मध्ये वक्फ झालं. दिल्लीचं जामिया हमदर्द विद्यापीठ त्याच पैशातून उभं राहिलं. बांगलादेश झाल्यावर ढाक्याची शाखाही वेगळी झाली.

तीन देश, तीन कारखाने. नाव तिन्ही बाटल्यांवर तेच, 1907 मध्ये हौज काझीतल्या त्या दवाखान्यात ठेवलेलं.