भाऊसाहेब बांदोडकर आणि कुळाची जमीन





१२ ऑगस्ट हा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घालतो आणि काही विद्यार्थी त्यांच्यावर भाषण करतात. भाऊसाहेबांनी गावोगावी शाळा काढल्या, हे वाक्य त्या भाषणात हमखास असते. ते खरेच आहे. मुक्तीनंतर आपल्या पाळीसारख्या गावांतील मुलांच्या हातात पाटी आली, त्यामागे त्यांचे मोठे श्रेय आहे. परंतु यंदा मी शाळेविषयी नव्हे, शेताविषयी लिहिणार आहे.

त्याचे निमित्त असे. प्रवेशाच्या वेळी एका पालकांनी कागदपत्रांच्या गठ्ठ्यात चुकून जमिनीचा एक-चौदाचा उतारा दिला. तो परत करताना माझे लक्ष कुळाच्या रकान्याकडे गेले. तेथे मुलाच्या पणजोबांचे नाव होते. मुलगा शेजारीच उभा होता. कूळ म्हणजे काय, असे त्याने मला विचारले. वडिलांकडे पाहिले तर त्यांनाही नीट सांगता येईना. शेत आपले आहे एवढे त्यांना ठाऊक होते, पण ते आपले कसे झाले आणि कागदावर पुरते आपले झाले आहे की नाही, हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी त्या मुलाला दोन वाक्यांत उत्तर दिले. आज सविस्तर देतो.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. घरची परिस्थिती सामान्य होती. त्या काळचा पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा मुलूख नव्या काबिजादींत मोडत असे. अठराव्या शतकात तो पोर्तुगिजांच्या हाती गेला होता. राज्य पोर्तुगिजांचे असले तरी गावातली जमीन कोणी कसायची, पीक कोणाच्या घरी जायचे, हे जुन्या चालीरीतींनी ठरत होते. या चालीरीती समजल्याशिवाय भाऊसाहेबांचे काम समजणार नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

गोव्यातील गावकरी ही फार प्राचीन संस्था आहे. रान तोडून, दलदल आटवून, बांध घालून ज्यांनी गाव वसविला ते गावकार. जमीन एकट्यादुकट्याची नव्हती, गावाची होती. शेते लिलावाने कसायला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून देवस्थानाचा खर्च, बांधांची डागडुजी आणि गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा निघे. उरलेले गावकार आपसात वाटून घेत. पोर्तुगीज येण्यापूर्वीच ही पद्धत इतकी पक्की झाली होती की १५२६ साली अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिचे नियम लिहून काढले आणि सरकारने ते मान्य केले. पुढे पोर्तुगिजांनी या संस्थेला कोमुनिदाद असे नाव दिले. ज्यांनी अगदी प्रथम रान मोडून शेते केली ते गावडा, कुणबी, वेळीप या समाजांचे पूर्वज होते असे मानले जाते. या तिन्ही समाजांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश व्हायला मात्र २००३ साल उजाडावे लागले.

काळाच्या ओघात गावकरीचे रूप पालटले. हक्क काही घराण्यांपुरते राहिले. पुष्कळ जमीन भाटकार, मोकासदार, देसाई आणि देवस्थाने यांच्या नावावर होती. शेतात चिखल तुडवणारा कूळ झाला, आणि भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार झाला. पिकाचा अर्धा वाटा खंड म्हणून देण्याची रीत सर्रास होती. सगळेच भाटकार कठोर होते असे नाही. अडीअडचणीला धावून जाणारेही होते. पण कूळ आणि मुंडकार त्यांच्या मर्जीवर जगत होते. मर्जी फिरली तर शेत जाई, आणि मुंडकाराचे तर राहते घरही जाई.

भाऊसाहेब वाढले ते अशा समाजात. लहानसहान उद्योग करीत त्यांनी पुढे खाण व्यवसायात पाऊल टाकले आणि गोव्यातील मोठ्या खाणमालकांत त्यांची गणना होऊ लागली. मिळालेल्या पैशातून ते गरजूंना सढळ हाताने मदत करीत, म्हणून राजकारणात येण्यापूर्वीच लोक त्यांना ओळखत होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या पहिल्या निवडणुकीनंतर तो सत्तेवर आला. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला मतदार प्रामुख्याने कूळ, मुंडकार आणि कष्टकरी बहुजन समाज होता. ज्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते त्यांनी प्रथमच मत दिले होते. या लोकांची पहिली मागणी जमिनीची होती.

मग १९६४ चा कृषी कूळ कायदा आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून आणि मामलेदारासमोर रीतसर चौकशी झाल्यावाचून कुळाला शेतातून काढता येईना. दुसरी, खंडावर मर्यादा आली. उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक खंड घ्यायचा नाही असे ठरले. विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब वहीत करून पाहा. शेतात बारा खंडी भात पिकले, तर अर्धेलीने सहा खंडी भाटकाराकडे जात. सहाव्या हिश्श्याने दोनच खंडी जाऊ लागले. चार खंडी भात घरात अधिक राहिले. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होत असे, त्या घरात चार खंडी भाताचा अर्थ काय होता, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा.

भाऊसाहेबांना सगळ्याच गोष्टींत यश मिळाले असे नाही. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे ही त्यांच्या पक्षाची मुख्य भूमिका होती. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. ज्या ध्येयासाठी पक्ष उभा राहिला तेच लोकांनी नाकारले. दुसरा एखादा नेता अशा वेळी घरी बसला असता. भाऊसाहेब पुन्हा निवडणुकीला सामोरे गेले, जिंकले आणि त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ साली तिसऱ्यांदा लोकांनी त्यांना निवडून दिले. कौलात विरुद्ध मत देणाऱ्यांचेही ते मुख्यमंत्री होते.

याच काळात १९६८ चा जमीन महसूल कायदा झाला. पुढे गावोगावी मोजणी झाली, नकाशे तयार झाले आणि फॉर्म एक व चौदा अस्तित्वात आला. आपण ज्याला एक-चौदा म्हणतो तो हाच. वरवर पाहता ही रुक्ष सरकारी बाब वाटते. पण पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही ज्याचे नाव कोठेच नव्हते, त्याचे नाव आता कागदावर चढले. न लिहिलेला हक्क बलवान माणसासमोर टिकत नाही.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. तोवर कुळाला संरक्षण मिळाले होते, खंड कमी झाला होता, पण जमिनीची मालकी मिळाली नव्हती. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि ते काम त्यांनी पुढे नेले. १९७५ चा मुंडकार कायदा १२ मार्च १९७६ पासून, म्हणजे भाऊसाहेबांच्या जन्मदिनापासून, लागू झाला. १९७६ साली कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसेल त्याची जमीन हे सूत्र कायद्यात आले. २० एप्रिल १९७६ या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो तिचा खरेदीदार मानला गेला. हे पाहायला भाऊसाहेब हयात नव्हते.

येथे मला माझे विद्यार्थिजीवन आठवते. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यावेळी बिरसा मुंडा यांचे चरित्र वाचले होते. छोटा नागपूरच्या मुंडा आदिवासींतही खुंटकट्टी नावाची पद्धत होती. रान तोडून ज्यांनी गाव वसविला त्यांच्या वंशजांची ती सामाईक जमीन. आपल्या गावकरीचीच जणू ती बहीण. ती जमीन जमीनदारांच्या व सावकारांच्या घशात जाऊ लागली तेव्हा बिरसा उठले. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात, पंचविशीही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणारा छोटा नागपूर काश्तकारी कायदा झाला १९०८ साली.

सातासमुद्रापलीकडेही असेच घडले. ऑस्ट्रेलियात गोरे लोक आले तेव्हा ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती असे त्यांनी गृहीत धरले. मरे बेटावरचे एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८२ साली न्यायालयात दाद मागितली. त्या बेटावर प्रत्येक कुटुंबाच्या बागेची हद्द पिढ्यान् पिढ्या ठरलेली होती. ३ जून १९९२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला. माबो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते.

बिरसा बंडखोर होते, माबो न्यायालयात गेले, आणि भाऊसाहेब तर स्वतः खाणमालक व राज्याचे प्रमुख होते. तिघांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु जमिनीचे काम एका आयुष्यात पुरे होत नाही, ते पुढच्यांनी पुरे करावे लागते, हे तिघांच्याही चरित्रातून दिसते. म्हणून आपल्या वाट्याला काय आले आहे, तेही स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट कागदाची. कायद्याने कूळ खरेदीदार मानला गेला, तरी मामलेदाराकडून किंमत ठरवून घेऊन ती भरणे व खरेदीचा दाखला घेणे हे काम पुष्कळ कुटुंबांनी केलेले नाही. उताऱ्यावर आजही कुळाच्या रकान्यात पणजोबाच आहेत. मधल्या दोन पिढ्यांचे वारस कोठे मुंबईला, कोठे वास्कोला. जितका उशीर, तितका गुंता अधिक.

दुसरी गोष्ट बांधाची. पूर्वी बांध आणि मानस यांची निगा गावकरी राखत असे. जमीन कुळांकडे गेली, पण गावकरीचे काम कोणी करायचे? १९७५ च्या नियमांनी ती जबाबदारी कुळांच्या संघटनांवर टाकली. काही गावांत त्या उत्तम चालल्या, पुष्कळ ठिकाणी नावापुरत्या राहिल्या. ज्याने त्याने आपल्या कुणग्यापुरते पाहिले. एकाच्या हयगयीने बांध फुटतो आणि खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. हक्क प्रत्येकाचा वेगळा झाला तरी पाणी सर्वांचे एकच असते, हे जुन्या गावकारांना समजले होते.

तिसरी गोष्ट आपल्या डिचोली तालुक्याची. खाणींनी आपल्याला रोजगार दिला, ट्रक दिले, पक्की घरे दिली. या शाळेतील कितीतरी मुलांची फी त्या पैशातून भरली गेली. त्याच खाणींच्या मातीने ओहोळ आणि शेते गाळाने भरली. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा कितीजण शेताकडे वळले? काहींनी वळायचे ठरविले, तर शेतात पीक घेण्यासारखी माती उरली नव्हती. भाऊसाहेब स्वतः खाण व्यवसायातून वर आले आणि त्यांनीच कुळाला जमिनीवर पाय रोवायला बळ दिले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रात आहेत. त्यांतली एक सांगून दुसरी झाकणे मला योग्य वाटत नाही. मुलांना चरित्र सांगताना ते पूर्ण सांगावे.

कुळकायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामाला वापरू नये, असा १९९१ चा कायदा आहे. पुष्कळांना तो जाचक वाटतो. पण ही जमीन विक्रीसाठी नव्हे, कसण्यासाठी मिळाली होती, याची तो आठवण देतो.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या स्मृतिदिनानिमित्त भाषण पाठ करण्याऐवजी एक काम करा. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून पाच प्रश्न विचारा. आपले शेत कोणते? ते प्रथम कोणी कसले? खंड किती द्यावा लागे? सरद आणि वायंगण दोन्ही पिके घेत होते का? बांधावर सगळे मिळून कामाला जात का? ज्यांच्या घरी शेत नाही त्यांनी घराच्या जागेविषयी विचारावे. मुंडकाराच्या घराचाही इतिहास असतो. ज्यांचे घराणे भाटकाराचे असेल त्यांनीही मोकळेपणाने लिहावे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उत्तरे एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.

पालकांनी या निमित्ताने एक-चौदाचा उतारा पेटीतून बाहेर काढून वाचावा आणि मुलांनाही वाचून दाखवावा. दाखला घ्यायचा राहिला असेल तर मामलेदार कार्यालयात चौकशी करावी. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की गावचा मोजणीचा नकाशा मोठा करून शाळेच्या दालनात लावावा. आपले शेत कोठे आहे, ओहोळ कोठून येतो आणि शेजारी कोण आहे, हे प्रत्येक मुलाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

तो मुलगा सध्या पाचवीत आहे. त्याने आपले पान सर्वांत आधी आणून दिले. त्याच्या पणजोबांच्या शेतात गेली कित्येक वर्षे पेरणी झालेली नाही, हे त्याने शेवटच्या ओळीत लिहिले आहे. पुढच्या पावसात एक कोपरा तरी पेरू, असे वडिलांनी त्याला सांगितले आहे.

आपला नम्र,
मुख्याध्यापक